खरखर नाहीशी करणारा अभियंता: एडविन आर्मस्ट्राँग आणि आपला एफएम

गेल्या काही वर्षांत रेडिओविषयी दोन प्रकारच्या बातम्या एकापाठोपाठ एक येत आहेत. आकाशवाणीची मध्यम लहरींवरची जुनी प्रक्षेपण यंत्रे देशात टप्प्याटप्प्याने बंद होत आहेत. त्याच वेळी २८ एप्रिल २०२३ रोजी प्रत्येकी १०० वॉट क्षमतेच्या ९१ एफएम प्रक्षेपकांचे एकदम उद्घाटन झाले, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांतील ७३० खासगी एफएम वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. या बातम्या वाचून मराठवाड्यातला श्रोता गोंधळला तर त्याचा दोष नाही, कारण त्याचा अनुभव दोन्ही बाजूंनी बोलतो. आकाशवाणीचे परभणी केंद्र १३०५ किलोहर्ट्झवर शेजारच्या जिल्ह्यांतही लागत असे, पण वळवाचे ढग जमले की बातम्यांपेक्षा खरखरच जास्त ऐकू येई. एफएमचा आवाज मात्र शेजारी बसून कोणी बोलावे इतका स्वच्छ असतो; पण एसटी गावाबाहेर पडून घाटाला लागली की तोच आवाज पाहता पाहता नाहीसा होतो. जे तंत्र अधिक चांगले म्हणून सांगितले जाते तेच कमी अंतर जाते, हे कसे?

याचे उत्तर एका माणसाच्या कारकिर्दीत सापडते. एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग हा अमेरिकी अभियंता १८ डिसेंबर १८९० रोजी न्यूयॉर्कमध्ये जन्मला. आज आपण ज्याला एफएम म्हणतो ते व्यवहारात त्याने आणले, आणि त्याआधी त्याने लावलेले दोन शोध तर जवळजवळ प्रत्येक रेडिओच्या पोटात जाऊन बसले. त्याने एक सौदा ओळखला होता: लहरींसाठी जास्त जागा मोजायची तयारी असेल तर तिच्या बदल्यात शांतता विकत घेता येते. त्याच्या काळातल्या बहुतेक जाणकारांना हा सौदा आतबट्ट्याचा वाटत होता.

लहरीवर आवाज चढवणे म्हणजे काय?

माणसाचा आवाज फार दूर जात नाही, रेडिओलहर जाते. म्हणून प्रक्षेपण केंद्र आधी एक एकसारखी, अखंड रेडिओलहर तयार करते आणि तिच्यावर आवाज चढवते. या कोऱ्या लहरीला वाहक लहर म्हणतात. ती एका सेकंदात जितक्या वेळा वरखाली होते तो आकडा म्हणजे तिची वारंवारता, आणि हा आकडा हर्ट्झमध्ये मोजतात. परभणीचे १३०५ किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला १३ लाख ५ हजार वेळा. एफएमच्या पट्ट्यात हाच आकडा ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला सुमारे नऊ ते अकरा कोटी वेळा एवढा असतो.

या लहरीवर आवाज दोन प्रकारे चढवता येतो. आवाजाच्या चढउतारानुसार लहरीची उंची कमीजास्त केली तर ते एएम. उंची तशीच ठेवून वारंवारता थोडी पुढेमागे सरकवली तर ते एफएम. मध्यम लहरींवरची सगळी जुनी केंद्रे पहिल्या प्रकारची. पुढच्या सगळ्या विवेचनाला एवढाच फरक पुरतो.

पदवीआधीच पहिला शोध

१९१२ साली आर्मस्ट्राँग कोलंबिया विद्यापीठात शिकत होता. ली डी फॉरेस्टने १९०६ मध्ये बनवलेली तीन टोकांची निर्वात नळी तेव्हा बाजारात मिळत असे, पण ती नेमकी कशी काम करते हे तिच्या निर्मात्यालाही नीट उलगडलेले नव्हते. आर्मस्ट्राँगने ती पद्धतशीर मोजमापे घेऊन तपासली आणि तिच्यातून बाहेर येणाऱ्या विद्युतप्रवाहाचा काही भाग फिरवून पुन्हा तिच्याच तोंडाशी दिला. क्षीण संकेत नळीत पुन्हा पुन्हा फिरून अनेक पटींनी वाढला, आणि जो आवाज कानाला यंत्र लावूनही जेमतेम कळे तो खोलीभर ऐकू येऊ लागला. फिरवून दिलेला भाग एका मर्यादेपलीकडे वाढवला की नळी स्वतःच लहर निर्माण करू लागते. हरिनाम सप्ताहात माइक भोंग्यासमोर आला की जी कर्णकर्कश शीळ निघते तिच्यामागचे तत्त्व हेच. म्हणजे एकाच मांडणीतून चांगला ग्राहकही (लहर पकडून ऐकवणारा संचही) मिळाला आणि प्रक्षेपकासाठी लहर देणारे यंत्रही. १९१३ मध्ये त्याला पदवी मिळाली, आणि त्याच वर्षी त्याने पेटंटसाठी अर्ज केला.

दुसरा शोध पहिल्या महायुद्धातला, १९१८ सालचा. तेव्हा तो पॅरिसमध्ये अमेरिकी सैन्याच्या संदेशवहन दलात अधिकारी होता. वारंवारता जितकी जास्त तितके तेव्हाच्या नळ्यांनी संकेत वाढवणे अवघड, आणि प्रत्येक केंद्राची वारंवारता वेगळी असल्यामुळे प्रत्येक वेळी सगळी बटणे नव्याने जुळवावी लागत. त्याने केंद्राप्रमाणे यंत्र बदलत बसण्याऐवजी येणारे प्रत्येक केंद्र आधी एकाच ठरावीक, खालच्या वारंवारतेवर उतरवून घेतले आणि वाढवण्याचे सगळे काम तिथेच केले. ट्रान्झिस्टरवर १३०५ चा आकडा लावला की त्याच्या आत १७६० किलोहर्ट्झची एक छोटी लहर तयार होते; दोन्ही मिसळल्या की त्यांच्यातला फरक उरतो ४५५. दुसरे केंद्र लावले की आतली लहरही तितकीच सरकते आणि फरक पुन्हा ४५५ च राहतो. साध्या एएम रेडिओत पुढची सगळी यंत्रणा या एकाच आकड्यासाठी बांधलेली असते. एफएम संचात हा आकडा साधारणपणे १०.७ मेगाहर्ट्झ असतो. सुपरहेटरोडाइन या अवघड नावाने हे तंत्र ओळखले जाते. दुकानात गेलेला कोणीही माणूस एक चकती फिरवून केंद्र लावू शकतो ही सोय त्याच्यामुळे शक्य झाली. माझ्या मते आर्मस्ट्राँगचे सर्वांत मोठे काम हेच, एफएमपेक्षाही. पण ते संचाच्या आत दडलेले असल्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही.

हक्क विकून तो श्रीमंत झाला आणि १९२० च्या दशकात आरसीए या बलाढ्य रेडिओ कंपनीचा सर्वांत मोठा वैयक्तिक भागधारक बनला. पुढे कंपनीचे प्रमुख झालेले डेव्हिड सार्नॉफ यांच्या सचिव मॅरियन मॅकइनिस यांच्याशी त्याने १९२३ मध्ये लग्न केले, आणि लग्नाची भेट म्हणून त्यांना स्वतः बनवलेला, उचलून नेता येणारा सुपरहेटरोडाइन रेडिओ दिला.

खरखरीवर उपाय का सापडत नव्हता?

वीज चमकते तेव्हा आकाशात लहरींचा एक प्रचंड धक्का उठतो. मोटरच्या स्टार्टरची ठिणगी, खराब जोडणीची तार, दुचाकीचा स्पार्क प्लग यांतूनही तसेच लहान धक्के निघतात. हे धक्के येणाऱ्या लहरीत मिसळतात आणि मुख्यतः तिची उंची बदलतात. एएममध्ये आवाज उंचीतच साठवलेला असतो. त्यामुळे ग्राहकाला निवेदकाचा आवाज कोणता आणि विजेचा धक्का कोणता हे ओळखण्याचा मार्गच उरत नाही. दोन्ही त्याच वाटेने येतात.

त्या काळच्या अभियंत्यांनी यावर एक तर्कशुद्ध उपाय काढला होता. खरखर सगळ्या वारंवारतांवर पसरलेली असते, म्हणून ग्राहकाची खिडकी जितकी अरुंद ठेवाल तितकी खरखर कमी आत येईल. एएमपुरते हे खरेही आहे. या विचाराला धरून काहींनी वारंवारता अगदी थोडी सरकवून अरुंद एफएम करता येईल का हे पाहिले. तेव्हा एटी अँड टी कंपनीतले गणितज्ञ जॉन कार्सन यांनी १९२२ मध्ये गणिताने दाखवून दिले की अशा एफएममुळे जागा वाचत नाही, उलट आवाज विकृत होतो आणि बदल्यात लाभ काहीच मिळत नाही. कार्सन यांचे गणित बरोबर होते. फक्त ते अरुंद एफएमचे होते, आणि रुंद एफएमचा विचार कोणी केलाच नव्हता.

कंदील मोठा करायचा की हलवायचा?

समजा, अमावास्येच्या रात्री खोऱ्याच्या पलीकडच्या शेतातून एक गडी कंदिलाने खुणा करतो आहे आणि मध्ये धुके आहे. वात कमीजास्त करून तो खूण देऊ लागला तर पंचाईत होईल, कारण धुक्याचा एक पदर सरकला तरी उजेड कमीजास्त दिसेल आणि खूण गड्याने केली की धुक्याने हे पाहणाऱ्याला कळणार नाही. तोच गडी कंदील एकाच उजेडाचा ठेवून डावीकडे-उजवीकडे हलवू लागला तर धुक्याने उजेड मंद झाला तरी कंदील कोणत्या बाजूला गेला हे दिसतच राहील. आता त्याने वीतभर हलवण्याऐवजी हात पूर्ण पसरून हलवला तर खूण आणखी स्पष्ट होईल. मात्र त्याला मोकळी जागा जास्त लागेल, आणि शेजारी दुसरा कंदीलवाला उभा करता येणार नाही.

एएम म्हणजे वात कमीजास्त करणे, एफएम म्हणजे कंदील हलवणे. आर्मस्ट्राँगचे योगदान हात पूर्ण पसरण्यात आहे. आज एफएम केंद्राची लहर मूळ जागेपासून दोन्ही बाजूंना ७५ किलोहर्ट्झपर्यंत सरकते, आणि एका केंद्रासाठी साधारण २०० किलोहर्ट्झ जागा धरतात. आपल्याकडे मध्यम लहरींवरची केंद्रे ९ किलोहर्ट्झच्या अंतराने मांडलेली असतात. म्हणजे एका एफएम केंद्राच्या जागेत एएमच्या बावीस जागा बसल्या असत्या.

नुसती रुंदी पुरेशी नव्हती. ग्राहकाने उंचीकडे पूर्ण दुर्लक्ष करायला हवे, म्हणून आर्मस्ट्राँगने संचात लिमिटर नावाचा भाग घातला. हा भाग येणाऱ्या लहरीचे सगळे उंचवटे एका पातळीवर छाटून टाकतो. विजेने केलेला बराचसा गोंधळ तिथेच संपतो. त्यानंतरचा भाग लहर किती सरकली एवढेच मोजून त्याचा पुन्हा आवाज करतो. जागा ऐसपैस असल्यामुळे १५ किलोहर्ट्झपर्यंतचे उंच सूरही पाठवता येतात. तबल्याच्या चाटीचा आणि टाळांच्या किणकिणीचा टोकदारपणा मध्यम लहरीवर बोथट होतो आणि एफएमवर टिकतो, तो यामुळे.

या शांततेत आणखी एकाचा वाटा आहे आणि तो लपवणे बरोबर नाही. आकाशातली वीज खालच्या वारंवारतांवर अधिक धुमाकूळ घालते. शंभर मेगाहर्ट्झच्या आसपास तिचा जोर मुळातच कमी असतो. मग सगळे श्रेय वरच्या वारंवारतेचेच नसेल कशावरून? ही शंका तेव्हाही घेतली गेली होती. म्हणूनच १९३४ मध्ये एम्पायर स्टेट इमारतीवरून चाचण्या घेताना आर्मस्ट्राँगने तोच कार्यक्रम त्याच वारंवारतेवर एकदा एएमने आणि एकदा एफएमने पाठवून तुलना करून दाखवली. शंभरेक किलोमीटर दूरच्या लाँग आयलंडवर एएमचे संगीत खरखरीत बुडाले होते आणि एफएमचे स्वच्छ लागत होते.

५ नोव्हेंबर १९३५ रोजी न्यूयॉर्कमध्ये रेडिओ अभियंत्यांच्या संस्थेसमोर जाहीर प्रात्यक्षिक झाले. प्रक्षेपण यॉन्कर्स येथून, आर्मस्ट्राँगचे मित्र कार्मन रन्यन यांच्या घरच्या हौशी केंद्रावरून होत होते. सभागृहातल्या अभियंत्यांनी पेल्यात पाणी ओतल्याचा आवाज ऐकला, कागद चुरगळल्याचा आवाज ऐकला. रेडिओवरून असे आवाज ओळखू येतात हे त्यांच्यापैकी बहुतेकांनी आधी कधी अनुभवले नव्हते.

एवढे चांगले होते, तर लगेच का स्वीकारले नाही?

सार्नॉफ यांना खरखर घालवणारी एखादी छोटी पेटी हवी होती, चालू धंद्याला जोडता येईल अशी. आर्मस्ट्राँगने आणली ती सगळी व्यवस्थाच नवी होती: नवे प्रक्षेपक, नवे पट्टे, नवे संच. कंपनीचा पैसा टीव्हीच्या विकासात गुंतत चालला होता आणि तिची एएम केंद्रे भरपूर कमावत होती. १९३५ मध्ये आर्मस्ट्राँगला एम्पायर स्टेट इमारतीवरची आपली यंत्रणा हलवायला सांगण्यात आले. ती जागा टीव्हीच्या चाचण्यांसाठी हवी होती. धंद्याच्या दृष्टीने पाहिले तर या निर्णयात काही विलक्षण नाही, हे मान्य करायला हवे. टीव्ही पुढे किती मोठा झाला हे आपण पाहिलेच आहे.

आर्मस्ट्राँगने पदरचा पैसा घालून न्यू जर्सीत अल्पाइन येथे ४२५ फुटी मनोरा उभारला आणि १९३९ पासून तिथून स्वतःचे एफएम केंद्र चालवले. मनोरा आजही उभा आहे. २००१ मध्ये वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या इमारती कोसळल्या आणि त्यांच्यावरचे अँटेना गेले तेव्हा न्यूयॉर्कच्या काही टीव्ही केंद्रांनी याच मनोऱ्याचा आधार घेतला. हळूहळू इतर कंपन्यांनीही एफएम स्वीकारले आणि १९४१ पासून अमेरिकेत ४२ ते ५० मेगाहर्ट्झचा पट्टा त्यासाठी राखला गेला. दुसऱ्या महायुद्धात आर्मस्ट्राँगने आपली पेटंटे सैन्याला विनामूल्य वापरू दिली.

युद्ध संपता संपता खरा फटका बसला. १९४५ मध्ये अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने एफएमला जुन्या पट्ट्यातून उचलून ८८ ते १०८ मेगाहर्ट्झवर नेले. वातावरणाच्या वरच्या थरांमुळे जुन्या पट्ट्यात दूरच्या केंद्रांचा व्यत्यय येईल, असे कारण देण्यात आले. ते अगदीच निराधार नव्हते, पण त्या धोक्याचा अंदाज फुगवलेला होता असे आर्मस्ट्राँगसह अनेकांचे मत होते. लोकांच्या घरातले लाखो संच एका आदेशाने निरुपयोगी झाले. आज जगाच्या मोठ्या भागात हाच ८८–१०८ चा पट्टा वापरतात आणि आपल्याकडेही तोच आहे. चेन्नईहून, तेव्हाच्या मद्रासहून, २३ जुलै १९७७ रोजी भारतातले पहिले एफएम प्रक्षेपण झाले.

पेटंटचा वाद याहून कडवट होता. १९४० मध्ये आरसीएने दहा लाख डॉलर एकरकमी देऊ केले होते. आर्मस्ट्राँगने ते नाकारले, कारण इतर उत्पादक प्रत्येक संचामागे ठरावीक हिस्सा देत होते आणि एकालाच सूट देणे त्याला अन्यायाचे वाटत होते. १९४८ मध्ये त्याने आरसीएवर दावा लावला. एफएमची मुख्य पेटंटे डिसेंबर १९३३ ची, त्यांची मुदत सतरा वर्षांची. म्हणजे दाव्याची प्राथमिक जबानी चालू असतानाच, १९५० मध्ये, ती संपलीही. खटल्याच्या खर्चाने तो पोखरला गेला, घरही विस्कटले, आणि १९५४ च्या जानेवारीअखेर, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, त्याने आपले आयुष्य संपवले. मॅरियन यांनी लढा सोडला नाही. त्याच वर्षी आरसीएने सुमारे दहा लाख डॉलर देऊन तडजोड केली, आणि उरलेल्या कंपन्यांविरुद्धचे दावे एकेक करत १९६७ पर्यंत मॅरियन यांनी जिंकले किंवा मिटवले.

मग सगळे श्रेय एकट्याचे मानायचे का?

नाही. वारंवारता सरकवून संदेश पाठवण्याची कल्पना आर्मस्ट्राँगच्या आधीची आहे. सुपरहेटरोडाइनच्या बाबतीत फ्रान्सचे ल्युसियाँ लेव्ही आणि जर्मनीचे वॉल्टर शॉटकी स्वतंत्रपणे त्याच वाटेवर होते, आणि लेव्ही यांच्या दाव्याला अमेरिकेतही काही अंशी मान्यता मिळाली. पहिल्या शोधावर तर डी फॉरेस्ट याने हक्क सांगितला आणि अनेक वर्षांच्या खटल्यानंतर १९३४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल डी फॉरेस्टच्या बाजूने दिला. अभियंत्यांना तो पटला नाही. निकालानंतर आर्मस्ट्राँग याच शोधाबद्दल मिळालेले पदक परत करायला गेला, तेव्हा अभियंत्यांच्या संस्थेने ते घ्यायला नकार दिला. न्यायालयाने कागदावरची तारीख पाहिली. शोध खरोखर समजला कोणाला होता हे अभियंत्यांनी पाहिले, आणि मला दुसरी बाजू पटते. रुंद एफएमचे श्रेय मात्र बिनतक्रार आर्मस्ट्राँगचे आहे, कारण तेव्हा बहुतेक तज्ज्ञ उलट दिशेने चालले होते.

मराठवाड्यात सगळीकडे एफएमच का नको?

रुंद जागेची किंमत इथे वसूल होते. मध्यम लहरींचा पट्टा ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झ एवढाच. त्यात पाच एफएम केंद्रांनी सगळी जागा अडवली असती. म्हणून एफएमला वर, मोकळ्या पट्ट्यात जाणे भाग पडले. तिथल्या लहरींचा स्वभाव वेगळा असतो. परभणीच्या १३०५ किलोहर्ट्झच्या एका लहरीची लांबी सुमारे २३० मीटर. एवढी लांब लहर जमिनीला धरून चालते आणि बालाघाटाच्या किंवा अजिंठ्याच्या डोंगररांगेवरून बरीचशी वळून पलीकडे उतरते. शिवाय रात्री वातावरणाचा खालचा, लहरी शोषणारा थर विरतो आणि वरच्या थरावरून त्या परततात, म्हणून रात्री मध्यम लहरीवर परराज्यातली केंद्रेही लागतात. १०० मेगाहर्ट्झची लहर जेमतेम तीन मीटरची असते. ती जवळजवळ सरळ रेषेत जाते, पृथ्वीच्या गोलाईमागे फारशी वळत नाही आणि डोंगराच्या आडोशाला फारशी पोहोचत नाही.

त्यामुळे एफएममध्ये ताकदीपेक्षा मनोऱ्याची उंची महत्त्वाची ठरते. शंभर मीटर उंचीवरच्या अँटेनाचे क्षितिज सपाट जमिनीवर साधारण ४० किलोमीटर असते. अशा एका मनोऱ्याचे क्षेत्र सुमारे ५ हजार चौरस किलोमीटर होते, आणि मराठवाड्याचे आठ जिल्हे मिळून क्षेत्रफळ सुमारे ६४ हजार चौरस किलोमीटर आहे. कागदावर तेरा मनोरे पुरतील. पण वर्तुळे एकमेकांवर चढवावी लागतात आणि डोंगराआडची गावे वेगळी धरावी लागतात, म्हणून प्रत्यक्षात बरेच जास्त लागतील. १०० वॉटचा प्रक्षेपक तर एखादे शहर आणि त्याच्या आसपासची गावे एवढ्यापुरताच असतो. नांदेड, बीड, धाराशिव येथे एफएम केंद्रे आहेत आणि तरीही मधल्या पट्ट्यात आवाज तुटतो, तो या हिशेबामुळे. मध्यम लहरीचे एक मोठे यंत्र बंद करून त्या बदल्यात एक छोटे एफएम यंत्र लावले तर शहराला लाभ होतो आणि दूरच्या वाडीतांड्याला तोटा. मध्यम लहरीची यंत्रे वीज जास्त खातात आणि जुनी झाली आहेत हे खरे. पण बंद करण्याआधी हा हिशेब गावनिहाय मांडला गेला पाहिजे.

एफएमचा आवाज हळूहळू क्षीण न होता एकदम का तुटतो, असेही अनेकांना वाटते. लिमिटरला काम करण्यासाठी येणारी लहर खरखरीपेक्षा पुरेशी मोठी लागते. तेवढी असेपर्यंत आवाज स्वच्छ राहतो. त्या पातळीखाली गेली की लिमिटर खरखरीलाच संकेत समजू लागतो आणि सगळे एकदम कोसळते. मध्यम लहर मात्र कुरकुरत, खरखरत का होईना, बराच वेळ साथ देते. याचीच दुसरी बाजू म्हणजे एकाच वारंवारतेवर दोन एफएम केंद्रे येऊन भिडली तर जे जास्त जोरात येते तेच ऐकू येते, दुसरे पुरते दबते; मध्यम लहरीवर दोन्हींची कालवाकालव होते.

टीव्हीचा याच्याशी काय संबंध?

टीव्हीसाठी आर्मस्ट्राँगला इमारतीवरून उतरवले गेले आणि त्याच टीव्हीने १९४१ मध्ये ठरलेल्या अमेरिकी मानकात आवाजासाठी एफएम घेतले. आरसीएशी झालेल्या भांडणाचा मोठा भाग याच वापराबद्दल होता. आपल्याकडच्या जुन्या दूरदर्शन प्रक्षेपणातही चित्र एएमने येई आणि आवाज एफएमने. गच्चीवरच्या पाइपाला बांधलेला अँटेना वाऱ्याने फिरला की पडद्यावर मुंग्या येत, पण बातमीदाराचा आवाज बहुधा शाबूत राही. ज्यांनी तो काळ पाहिला आहे त्यांनी दोन्ही तंत्रांची तुलना नकळत घरबसल्या केलेली आहे.

मोबाइल असताना लहरी कशाला?

इंटरनेटवरचा रेडिओ प्रत्येक श्रोत्याला स्वतंत्र प्रवाह पुरवतो. ऐकणारे वाढले की भार वाढतो. वीज गेली, मोबाइल मनोऱ्याची बॅटरी उतरली की सगळ्यांचे एकदम बंद. प्रक्षेपणात एक ऐकतो की लाख ऐकतात याने काही फरक पडत नाही, आणि ग्राहक संच दोन सेलवर कित्येक दिवस चालतो. आपत्तीच्या वेळी हा फरक मोठा ठरतो. म्हणूनच २०२३ मध्ये केंद्र सरकारने मोबाइल उत्पादकांना हातसंचातली एफएमची सोय बंद न करण्याची सूचना केली. अशा मोबाइलवर एफएम लावताना इअरफोनची तार जोडावी लागते, कारण तीच अँटेना असते: तीन मीटर लांबीच्या लहरीचा चौथा भाग म्हणजे पाऊण मीटर, आणि इअरफोनची तार त्याच मापाच्या जवळपास असते. बिनतारी इअरफोनचा इथे उपयोग नाही.

डिजिटल आले की हे सगळे जुने होईल का?

यंत्रे बदलतील, सौदा तोच राहील. १९४८ मध्ये क्लॉड शॅनन या अमेरिकी गणितज्ञाने एका वाहिनीतून जास्तीत जास्त किती माहिती पाठवता येते याचे सूत्र दिले. त्यात जागेची रुंदी आणि संकेत-खरखरीचे प्रमाण या दोन राशी शेजारी बसतात, म्हणजे एक वाढवली तर दुसरीत सवलत मिळते. आर्मस्ट्राँगने पंधरा वर्षे आधी प्रयोगशाळेत जे करून दाखवले होते त्याला या सूत्रात गणिताचा भक्कम आधार मिळाला. आकाशवाणीने देशातल्या काही मध्यम लहर केंद्रांवर डीआरएम हे डिजिटल तंत्र बसवले आहे. त्यात आवाजाचे आकड्यांत रूपांतर करून ते दाबून पाठवतात, त्यामुळे जुन्या अरुंद जागेतूनच लांबचा पल्ला आणि स्वच्छ आवाज दोन्ही मिळू शकतात. तो ऐकण्यासाठी मात्र डीआरएमचा वेगळा संच लागतो. घरातला जुना ट्रान्झिस्टर त्या प्रक्षेपणातली भाषा समजू शकत नाही, आणि नवा संच आपल्या बाजारपेठांत अजून सहज आणि स्वस्तात मिळत नाही.